बेचाळीस रिकाम्या गोण्या

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टेंभुर्णीजवळच्या एका वाडीत कौतिकाबाई नावाच्या बाईच्या खुराड्यात एकोणीस कोंबड्या मेलेल्या सापडल्या. दुपारपर्यंत तिच्या दोन पेट्यांतल्या मधमाश्याही मेल्या. दुसरे महायुद्ध चालू होते आणि आमच्या भागावर निजामाचे राज्य होते. तिसऱ्या दिवशी सरकारी कागदावर या मरणाचे कारण ‘मानमोडी’ असे लिहिले गेले. मानमोडी हा कोंबड्यांचा साथीचा रोग. ते कारण खोटे होते. कागदाखाली सही माझी होती.

मी तेव्हा शेतीखात्यात कामदार होतो. खेड्यापाड्यांत कोंबड्या आणि मधमाश्या नीट कशा पाळाव्यात हे दाखवणे, हे माझे काम. एक सायकल, पत्र्याची एक पेटी, पेटीत तंबाखूची भुकटी, चुन्याच्या पुड्या, मधमाश्यांसाठी जाळीची टोपी आणि एक पांढरे धडपे. लोक मला कोंबडीमास्तर म्हणत. पुढे मी वर्तमानपत्राच्या कचेरीत गेलो आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिलो. तिथे ओळ छापण्याआधी दोन माणसांना विचारण्याची शिस्त होती. खात्यात ती नव्हती.

काम अवघड नव्हते, पण ते डोळ्यांनी करायचे होते. कोंबडी अंडी देईनाशी झाली, तिचा तुरा फिका पडला की लोक दृष्ट काढत. कारण बहुधा खुराड्यातच असे. गोचिडाच्या जातीचा एक किडा असतो, राईच्या दाण्याहून लहान. दिवसा तो खुराड्याच्या फटीत लपतो, अंधार पडला की कोंबडीचे रक्त पितो. दिवसा कोंबडी तपासली तर अंगावर काही दिसत नाही. म्हणून पहाटे खुराड्याच्या फटीवरून पांढरे धडपे फिरवायचे. त्यावर लाल रेघ उमटली की किडा आहे. उपाय साधे होते. फटींना चुना, कोंबड्यांना लोळायला राख आणि तंबाखूची भुकटी, आणि खाली गोणपाटाचा तुकडा. किडा गोणपाटात जमतो. दर आठ दिवसांनी तो तुकडा काढून उन्हात झटकायचा आणि नवा घालायचा. हा गोणपाटाचा धडा मी गावोगाव दिला. त्याचा मला अभिमान होता.

गिऱ्हाइके तऱ्हेतऱ्हेची भेटत. टेंभुर्णीच्या बाजारात एक गृहस्थ दर आठवड्याला विचारत, “मास्तर, न चावणाऱ्या माशा आल्या का खात्यात?”

“नाही आल्या.”

“मंग आल्या की सांगा.” हे दोन वर्षे चालले.

खात्याने एकदा विलायती पांढरे कोंबडे वाटले. ऊन चढले की ते चोच वासून सावलीला उभे राहत. बायांनी त्यांचे नाव ‘सायेब’ ठेवले. गावठी कोंबडीपुढे ते टिकले नाहीत. खात्याच्या अहवालात मात्र पुढची तीन वर्षे ते जिवंत होते.

कौतिकाबाई माझी सर्वांत चांगली विद्यार्थिनी होती. पन्नाशीची, मेंढपाळाच्या घरची. नवरा आठ महिने मेंढरांमागे फिरत असे. घर चालायचे ते अंड्यांवर, पिलांवर आणि मधावर. पंचवीस कोंबड्या, सातेरी माश्यांच्या दोन पेट्या. सातेरी म्हणजे आपली देशी, घर करून राहणारी माशी. कौतिकाबाई पेटीजवळ तासन्‌तास बसे. माश्या एकमेकींच्या अंगावरचे बारीक किडे कशा ओढून काढतात, हे मला पहिल्यांदा तिने दाखवले. “बघा मास्तर, माशीला समजतं, एकमेकीचं अंग बघावं. मान्साला न्हाई समजत.” गोणपाटाचा धडाही ती चुकवत नसे. अडचण एकच होती. युद्धामुळे गोणपाट मिळेनासे झाले होते. फाटकी गोणीसुद्धा लोक शिवून वापरत.

त्या साली आषाढात बाजरीवर नाकतोडे आले. तालुक्याच्या कचेरीने विषारी आमिष बनवले. ज्वारीच्या कोंड्यात गुळाचे पाणी आणि सोमल, म्हणजे आर्सेनिक, कालवायचा आणि तो ओला कोंडा बांधांवर फेकायचा. नाकतोडे गुळाच्या वासाने येतात आणि मरतात. गुळाच्या वासाने कोंबड्याही येतात, माश्याही येतात. म्हणून मी माझ्या गावांत आधी सांगत फिरलो होतो. आमिष टाकायच्या दिवशी कोंबड्या डालीखाली झाका, पेटीचे दार ओल्या फडक्याने बंद करा, दोन दिवस सोडू नका. लोकांनी ऐकले. आमिष टाकले तेव्हा माझ्या गावांत एकही कोंबडी मेली नाही.

आमिष ज्या गोण्यांतून गावोगाव गेले, त्या गोण्यांचा विचार मी केला नाही.

त्या रिकाम्या गोण्या तालुक्याच्या गोदामात परत आल्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी गिरदावराने, म्हणजे पटवाऱ्यांवरच्या महसूल अधिकाऱ्याने, पाच गावांत त्या वाटल्या. आमिष फेकायला ज्यांनी माणसे दिली त्यांना सरकारची पोळ्याची भेट म्हणून. चावडीवर नावे पुकारून, एकेकाच्या खांद्यावर गोणी टाकून. कौतिकाबाईला दोन मिळाल्या.

पोळ्याच्या दिवशी सकाळी तिने खुराडे झाडले, फटींना चुना दिला आणि एक गोणी उसवून खाली अंथरली. दुसरी भिजवून धुतली आणि वाळत घालायला अंगणाच्या दगडी गडग्यावर टाकली. तिला जे शिकवले होते ते सगळे तिने बरोबर केले. शिवणीत अडकलेला गुळाचा कोंडा कोंबड्यांनी टिपून खाल्ला. गडग्यावरच्या ओल्या गोडसर गोणपाटावर माश्या बसल्या.

या मरणाची वर्दी वाडीच्या पाटलाने कचेरीत दिली. मी पूर्णा नदीच्या अलीकडच्या एका गावात होतो, वाडी पलीकडे होती. तिथे खरोखरच मानमोडी चालू होती. नदीला पाणी होते. तिसऱ्या दिवशी कचेरीचा चपराशी होडीतून कागद घेऊन आला. कागद उर्दूत होता, मला वाचता येत होता. त्यात लिहिले होते की अमुक वाडीत एकोणीस कोंबड्या मानमोडीने दगावल्या.

“गिरदावर साब बोले, दस्तखत होना,” चपराशी म्हणाला. “जल्दी बोले.”

एकोणीस कोंबड्या एकदम गेल्या म्हणजे मानमोडीच असणार, असे मला वाटले. पक्षी पाहिला नव्हता, चिरून पाहिला नव्हता, पलीकडे गेलोही नव्हतो. कागद सायकलच्या सीटवर ठेवून सही केली. माश्यांचा उल्लेख त्या कागदात नव्हता.

पुढे काय झाले ते मी पाच दिवसांनी नदी उतरली तेव्हा वाडीत जाऊन पाहिले. चावडीवर कागद वाचून दाखवला गेला होता. कौतिकाबाईची अंडी घेणे गावाने बंद केले होते. तिच्या सहा कोंबड्या वाचल्या होत्या, त्यांचा निकाल पंचांनी लावला होता. आमच्याकडे गावात रोग आला की रोगाच्या घरची कोंबडी कुंकू लावून गावाच्या शिवेपलीकडे सोडतात. रोग तिच्याबरोबर जातो अशी समजूत. पलीकडचे गाव अर्थात काठ्या घेऊन शिवेवर उभे असते. कौतिकाबाईच्या सहाही कोंबड्या दुसऱ्या दिवशी शिवेपार जाणार होत्या आणि खुराडे जाळले जाणार होते.

ती ओट्यावर बसली होती. दोन्ही तळहातांना चट्टे उठून कातडी सोलली होती. मला पाहून ती उठली नाही.

“या मास्तर. कशाला आल्ते? आजून एक सही ऱ्हायली का?”

“मावशी, मानमोडी असली की एकदम जातात कोंबड्या.”

“आस्सं. मंग ह्या सहा कामून न्हाई गेल्या?”

“त्यांना लागण झाली नसेल.”

“त्या खुराड्यात झोपतच न्हाईत. बाभळीवर झोपतात. समदी वाडी जानती, तुमाला न्हाई ठाव? आन्‌ माझ्या माशा? त्याह्यलाबी मानमोडीच झाली व्हय? कोंबडीला मान आसती मोडायला. माशीला कुठं हाय मान?”

मी पेट्या उघडल्या. तळाशी माश्यांचा थर होता. गडग्यावर गोणी अजून तशीच होती, तिच्याखाली माश्या आणि मुंग्या मरून पडल्या होत्या. खुराड्यातले गोणपाट मी बाहेर ओढले. शिवणीत कोंडा होता. त्या कोंड्याचा वास मला ओळखीचा होता.

“ही गोणी कुठली?”

“तुमच्या सरकारची. पोळ्याला दिल्ती.”

“किती जणांना दिल्या?”

“मला काय इचारता? तुमी सरकारातले. मला दोन दिल्या, दोन्हीबी हितं हाईत.” मग ती तळहाताकडे पाहून म्हणाली, “मास्तर, लोकं मूग काढून राह्यलेत.”

पोळ्यानंतर मुगाची काढणी असते. शेंगा झोडून, वाळवून मूग गोणीत भरतात. आठ-दहा दिवसांत त्या गोण्या भरणार होत्या. आता प्रश्न एकोणीस कोंबड्यांचा राहिला नव्हता.

मी पंचांकडे गेलो. कोंबड्यांना रोग नाही, विषबाधा झाली आहे, असे सांगितले. पाटील म्हणाला, “कागदावर तर मानमोडी हाय. आन्‌ सही तुमची हाय. आमी कोन्त्या मास्तरचं ऐकावं? कागदावरल्या का ह्या?” मात्र कोंबड्या चार दिवस ठेवायला तो तयार झाला.

त्याच दिवशी मी तालुक्याच्या कचेरीत गेलो. गिरदावर हा आमच्याच भागातला, मराठी बोलणारा माणूस. त्याने पूर्ण ऐकून घेतले.

“रिपोर्टात मानमोडी लिव्हली. ती तुमीच लिव्हली.”

“मी लिहिली नाही, सही केली.”

“मंग तुमाला वाचता येत न्हाई का?”

“येतं.”

“मंग?”

“गोण्या परत मागवा,” मी म्हणालो. “दवंडी द्या. नुसत्या धुऊन विष जात नाही, धुणाऱ्या बाईचे हात सोलले आहेत.”

“आन्‌ दवंडीत काय सांगू? सरकारनं पोळ्याला इख वाटलं म्हनून?”

“हो. तेच सांगायचं.”

तो हसला. चहा मागवला. म्हणाला, “मास्तर, तुमी कोंबड्या बघा. मान्सं आमी बघतो.”

गोदामाचा मुन्शी बाहेर व्हरांड्यात ऐकत उभा होता. म्हातारा, दम्याचा माणूस. तो मला गोदामात घेऊन गेला आणि वरिष्ठ कचेरीचे परिपत्रक पुढे ठेवले. त्यात आमिषाच्या रिकाम्या गोण्या वस्ती आणि विहिरीपासून दूर खोल पुराव्यात, असे स्पष्ट होते. गिरदावराची पोच त्यावर होती.

“मैं बोला था साब को,” मुन्शी म्हणाला. “साब बोले, इत्ती महंगाई में गोनी कौन गाडता? बांट डालो, रय्यत खुश होती.”

“वाटपाची यादी आहे?”

“है. कागद तुमकू देता नै मैं. मैं पढता, तुम लिखो.”

त्याने वाचले, मी लिहिले. पाच गावे, बेचाळीस गोण्या, प्रत्येकीपुढे घेणाऱ्याचे नाव. वाचून झाल्यावर त्याने रजिस्टर जागेवर ठेवले, कुलूप लावले आणि म्हणाला, “गाडने का रहा तो बुलाव. कुदाल है मेरे पास.”

माझ्याकडे हुकूम नव्हता, बदल्यात द्यायला दुसऱ्या गोण्या नव्हत्या. पहिल्या दिवशी मी नऊ घरे फिरलो. लोक नीट बोलले आणि गोणी दिली नाही. “सरकारनं दिल्यालं सरकार परत मागतंय? कागद दावा.” एकजण म्हणाला, “मास्तरला सोताच्या खुराड्यासाठी पायजे आसंल.” मी विषाचे सांगितले तर उत्तर आले, “आमी धुवून घेतली की.” दिवसभरात दोन गोण्या मिळाल्या. त्यांपैकी एक ज्या घरी मिळाली त्या घरचे वासरू मेले होते.

संध्याकाळी वाडीत परत आलो तेव्हा कौतिकाबाईने दोन गोण्या पाहिल्या.

“दिवसभरात दोन? तुमाला मागता येत न्हाई मास्तर. उद्या मी येते.”

“तुम्हाला कोणी दारात उभं करणार नाही. रोगाचं घर म्हणतात.”

“म्हनूनच येते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली तेव्हा तिच्या काखेत एक तांबडी कोंबडी होती. बाभळीवर झोपणाऱ्या सहांतली एक, अगदी धडधाकट. कोंबडीच्या डोक्यावर तिने कुंकू लावले होते. मला वाटले ती पंचांना भिऊन कोंबडी शिवेपार सोडायला निघाली आहे. तसे नव्हते.

पहिल्या गावात पहिल्याच घरासमोर ती उभी राहिली आणि हाक मारली. घरचा माणूस बाहेर आला, कुंकू लावलेली कोंबडी पाहून जागीच थांबला.

“कोन तू बाई? कुठली?”

“मानमोडीच्या घरची. एकोनीस मेल्या, ही त्यातली उरल्याली. तुमच्या दारात सोडायला आणली.”

“ए बाई, पागल झाली का?”

“सरकारी कागद हाय, मानमोडी म्हनून. ह्या मास्तरची सही हाय. इचार त्याला.”

माणसाने माझ्याकडे पाहिले. “खरं हाय का मास्तर?”

“कागद आहे,” मी म्हणालो. “सही माझी आहे.”

“बाई, हात जोडतो. शिवेभायेर हो.”

“होते की. पोळ्याला सरकारनं दिल्याली गोणी तेवढी फेक भायेर. तिच्यातूनच आलाय रोग. ती घिऊन जाते, कोंबडीबी घिऊन जाते.”

गोणी बाहेर आली. काठीच्या टोकावर धरून.

त्या दिवशी अकरा गोण्या मिळाल्या. पुढच्या दोन दिवसांत सव्वीस. जे काम माझ्या खऱ्या सांगण्याने झाले नाही ते माझ्या खोट्या सहीने झाले. तिसऱ्या गावात एका बाईने गोणी झोळीतून काढून दिली, ती बाळाखाली अंथरलेली होती. बाळाच्या पाठीवर लाल चट्टे होते. कौतिकाबाई त्या बाईला एकही कठोर शब्द बोलली नाही. बाळाला आंघोळ घालायला लावली, आंघोळ होईपर्यंत तिथे बसून राहिली आणि उठताना मला म्हणाली, “गिरदावराला लेकरं हाईत का हो?”

“आहेत.”

“त्याह्यच्या खाली काय आंथरत्यात?”

मी महिनाभराने त्या घरी पुन्हा गेलो. बाळ बरे होते.

गोण्या जाळल्या नाहीत, कारण सोमलाचा धूरही विषारी असतो. विहिरींपासून दूर, माळावर, छातीइतका खड्डा खणून त्या पुरल्या. खड्डा मी, मुन्शी आणि कौतिकाबाईचा दीर अशा तिघांनी खणला. मुन्शी दर दहा कुदळीमागे खोकायला थांबत होता. गिरदावर आला नाही. दवंडी झाली नाही. पंचांनी सहा कोंबड्या आणि खुराडे राहू दिले, पण कौतिकाबाईची अंडी गावात कोणी घेत नव्हते.

मी दुसरा अहवाल लिहिला. त्यात मृत्यूचे कारण सोमल, पहिली सही न पाहता केलेली, आणि परिपत्रक मोडून गोण्या वाटल्या गेल्या, असे तीन मुद्दे होते. गोणपाटाचा तुकडा राजधानीच्या प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल तालुक्याच्या कचेरीतून परत आला. त्यावर शेरा होता की या प्रकरणी एक अहवाल आधीच दाखल असून तो याच कामदाराच्या सहीचा आहे. प्रयोगशाळेचे उत्तर हिवाळ्यात आले. तुकड्यात सोमल होता. तोवर माझी दुसऱ्या तालुक्यात बदली झाली होती. गिरदावराची बदलीही त्याच हंगामात झाली, वरच्या जागेवर.

प्रयोगशाळेचे उत्तर मी वाडीच्या चावडीत नेऊन वाचून दाखवले. पाटलाने कौतिकाबाईची सहा अंडी सगळ्यांदेखत विकत घेतली. ती म्हणाली, “आता खाऊन बी दावा.” त्याने घरी जाऊन खाल्ली असे त्याच्या बायकोने सांगितले. तांबडी कोंबडी त्याच महिन्यात खुडूक बसली. पेट्यांत माश्या आल्या नाहीत. मी दोनदा दुसरीकडून माश्यांचे घर आणून ठेवले, दोन्ही वेळा त्या उडून गेल्या. माझ्या मानमोडीच्या कागदाची नक्कल पुढे मी मागितली, तेव्हा ती मिळाली. त्या वर्षीच्या तालुक्याच्या हिशेबात एकोणीस कोंबड्या मानमोडीने दगावल्या असेच आहे. माश्यांचा रकाना त्यात नाही.

खड्ड्यात गेलेल्या गोण्या एकेचाळीस होत्या. यादीतले शेवटचे नाव पाचव्या गावातल्या एका गाडीवानाचे होते. आम्ही त्याच्या घरी पोचलो तेव्हा तो नव्हता. दुसऱ्या दिवशी भेटला. त्याने सांगितले की ती गोणी त्याने मूग भरून शिवली आणि आदल्या दिवशी जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, नेऊन उतरवली. मी मोंढ्यात गेलो. ज्या आडतीवर ती उतरली तिथल्या हमालाला ती आठवत होती, कारण तिला गुळाचा वास येत होता. त्याने सांगितले की मूग मोठ्या ढिगात ओतले, ढीग त्याच दुपारी उचलला गेला आणि रिकामी गोणी कोणीतरी मागून नेली.